शिशाचा जीव कशात?

या रे मुलांनो, आज राक्षसाची गोष्ट. याला शिंगं नाहीत, सुळेही नाहीत. शिसं, पारा, कॅडमियम अशी त्याची नावं. जुन्या रंगाच्या पोपड्यांतून, बॅटरीच्या कारखान्यातल्या धुळीतून तो अंगात शिरतो, आणि रक्तातून यकृतापर्यंत पोचतो.

गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो ना? याचा अडकलाय गंधकात. जमिनीखाली शिसं बहुतेकदा गंधकाशी जोडलेलंच सापडतं. पाऱ्याचं खनिज हिंगूळही तसंच. वैद्य खलात पारा आणि गंधक घोटत बसतात, तेव्हा तो चकाकणारा, हाती न लागणारा पारा हळूहळू दिसेनासा होतो आणि काळी कज्जली उरते.

हे गुपित यकृतालाही ठाऊक आहे. त्याच्या पेशींत ग्लुटाथायोन नावाचा छोटासा रेणू ठासून भरलेला असतो, आणि त्यात गंधक असतं. धातू त्याला चिकटला की यकृत दोघांनाही पित्ताबरोबर आतड्यात ढकलतं. पण विष येतच राहिलं तर हा साठा आटतो, आणि मग पेशी होरपळायला लागतात.

आता झाडांचं बघा. जमिनीत विष आलं म्हणून झाड काही पळून जाऊ शकत नाही. 1985 साली ग्रिल, विनाकर आणि झेंक या जर्मन शास्त्रज्ञांनी आपल्या सर्पगंधेच्या पेशी काचपात्रात वाढवल्या आणि त्यांना चक्क कॅडमियम पाजलं. पेशींनी काय केलं असेल? ग्लुटाथायोनपासूनच गंधकाच्या लांब साखळ्या विणल्या आणि कॅडमियमला जखडून टाकलं! या साखळ्यांचं नाव फायटोकेलेटिन. मला विचाराल तर सर्पगंधेची ही करामत तिच्या रक्तदाबावरच्या औषधापेक्षा भारी आहे.

लसणाची पाकळी ठेचली की जो झणका नाकात जातो, तोही गंधकाचाच प्रताप. इराणमध्ये मोटारींच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या कामगारांना चार आठवडे लसणाच्या गोळ्या देऊन पाहिल्या. काहींना पेनिसिलामिन हे नेहमीचं औषध दिलं. रक्तातलं शिसं दोन्हीकडे जवळपास सारखंच उतरलं. हळद, लसूण यांच्या अर्कांनी उंदरांची यकृतं सावरल्याचे प्रयोग तर ढीगभर आहेत. पण उंदराला अर्क बहुतेकदा विषाच्या आधी किंवा विषाबरोबरच पाजतात. माणसाला कुठे आधी कळतं?

आणि हळदीची तऱ्हा ऐका. बांगलादेशात पिवळाधमक रंग यावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट मिसळलेलं सापडलं. म्हणजे ज्या डब्यात औषध शोधायचं, त्यातच शिसं!

तेव्हा कुणाच्या अंगात शिसं गेल्याची शंका आली, तर काढे उकळत बसू नका. ते कुठून येतंय ते शोधून आधी बंद करा, रक्त तपासून घ्या, डॉक्टर गाठा. लसूण फोडणीत टाका हवी तेवढी, तिला माझी कधीच ना नाही.