ऑटोसेव्ह आहे, मग बॅकअप कशाला?

‘आता सगळं आपोआप सेव्ह होतं’ हे वाक्य कॉम्प्युटरवर लिहिणाऱ्यांच्या तोंडी हमखास असतं. ते अर्धंच खरं आहे. पण प्रबंध रेटणारे विद्यार्थी, आत्मचरित्र लिहायला घेतलेले निवृत्त गुरुजी, सोसायटीचं इतिवृत्त टाइप करणारे सेक्रेटरी, सगळ्यांची भिस्त असते ती नेमकी उरलेल्या अर्ध्यावर.

गैरसमज: वर्डमध्ये ऑटोसेव्ह असतंच.

वर्डमध्ये दोन वेगळ्या सोयी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. वर डाव्या कोपऱ्यात ‘ऑटोसेव्ह’चं बटण दिसतं. ते फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर असेल तरच चालतं. फाइल डी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर असेल, तर पाठीशी असते ती फक्त ‘ऑटोरिकव्हर’. ही सोय मुळात दर 10 मिनिटांनी एक तात्पुरती प्रत बाजूला काढते. लाइट गेली किंवा वर्ड अडकून बंद पडलं, की पुढच्या वेळी तीच प्रत समोर येते. म्हणजे नऊ मिनिटांचं लेखन तरीही जाऊ शकतं. फाइल नीट सेव्ह करून बंद केली, की ही प्रत पुसली जाते. कारण ती अपघातापुरतीच असते. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन 10 चे 2 करा. कंट्रोल-एस दाबायची सवयही सोडू नका.

गैरसमज: ऑटोसेव्ह म्हणजेच बॅकअप.

सगळ्यात महागात पडतो तो हा. ऑटोसेव्ह तुम्हाला वीज जाण्यापासून वाचवतं, तुमच्याच हातापासून नाही. गेल्या वर्षीचं पत्र उघडायचं, त्यातच नावं-तारखा बदलायच्या आणि शेवटी ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नवं नाव द्यायचं, ही ऑफिसातली जुनी रीत. ऑटोसेव्ह चालू असेल, तर तुम्ही ‘सेव्ह अ‍ॅज’पर्यंत पोचायच्या आत जुन्या पत्रावर नवं पत्र बसलेलं असतं. अशा वेळी ‘व्हर्जन हिस्टरी’ उपयोगी पडते. गुगल डॉक्समध्ये ती फाइल मेनूतच आहे. तिथून आधीची आवृत्ती परत आणता येते. म्हणून जुन्या फाइलवर काम करायचं असेल, तर आधी तिची प्रत काढा आणि मगच हात लावा.

वर्डमध्ये एक पर्याय फारसा कुणी उघडून बघत नाही: ऑप्शन्समधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी’. तिथे खूण केली, की डिस्कवरची फाइल सेव्ह करताना तिची आधीची आवृत्ती त्याच फोल्डरमध्ये ‘बॅकअप ऑफ’ अशा नावाने राहते. ही खरी बॅकअप फाइल, पण एकच पायरी मागची. दोनदा सेव्ह केलं, की चुकीची आवृत्तीच बॅकअप होऊन बसते.

गैरसमज: सी ड्राइव्हवर आहे आणि डी ड्राइव्हवरही आहे, म्हणजे दोन प्रती झाल्या.

बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. क्लाउडचंही तसंच: सिंक होणाऱ्या फोल्डरमधून फाइल उडवली, तर ती सगळीकडून उडते. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती 30 दिवस मिळते, नंतर नाही. यावर जगभर सांगितला जाणारा हिशेब सोपा आहे: एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. चित्रं नसलेली अख्खी कादंबरी सहसा एक-दोन एमबीच्या वर जात नाही. रोज रात्री ती स्वतःलाच ई-मेल केली, तरी घराबाहेरची प्रत तयार झाली.

गैरसमज: महाग तोच वर्ड प्रोसेसर चांगला.

लिब्रेऑफिसचा ‘रायटर’ फुकट आहे. 2010 साली ओपनऑफिसमधून फुटून हा प्रकल्प निघाला. त्याचे मेनू मराठीतही करता येतात आणि वर्डच्या फाइली तो उघडतो, फक्त गुंतागुंतीची मांडणी कधीकधी हलते. नव्या आवृत्त्यांत बॅकअप प्रतीची सोय आधीपासूनच चालू असते. गुगल डॉक्स सुटसुटीत खरं, पण नेट नसताना लिहायचं असेल तर ‘ऑफलाइन’ आधीच चालू करून ठेवावं लागतं. एसटीत बसल्यावर आठवून उपयोग नाही. माझं मत विचाराल, तर एकट्याने लांबलचक लिहिणाऱ्याने रायटर घ्यावा आणि चौघांनी मिळून लिहायचं असेल तर डॉक्स.

मराठीत आणखी एक भानगड आहे. डीटीपीवाल्यांकडे वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टांत टाइप झालेल्या फाइलींत मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. साठवलेले असतात इतर चिन्हांचे कोड आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर बॅकअप उघडलात, तर पडद्यावर भलत्याच चिन्हांची भेळ दिसते. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो, फॉन्ट बदलला तरी ‘क’ तो ‘क’च. जुनं लेखन फॉन्ट हाताशी आहे तोवर युनिकोडमध्ये आणून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला.

गैरसमज: बॅकअप घेतलाय, आता काळजी नाही.

1998 साली पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी 2’ तयार होत असताना एका चुकीच्या आदेशाने चित्रपटाच्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट घेतला जात नव्हता आणि तोवर कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती, तिने चित्रपट तरला.

तेव्हा या रविवारी तुमची बॅकअपची फाइल घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा आणि तुम्ही लिहिलेलं शेवटचं पान तिच्यात आहे का ते बघा.