रक्तदाब आहे, मग व्यायाम करावा का?

‘डॉक्टर, भरभर चाललो की छाती धडधडते, धाप लागते. ब्लडप्रेशरवाल्याने स्वस्थ बसलेलेच बरे ना?’ विट्यात हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

स्वस्थ बसलेले असताना आपले हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. चालू लागताच पायांच्या स्नायूंना जादा प्राणवायू लागतो. म्हणून ठोके वाढतात, श्वास खोल व जलद होतो. रक्तदाबाचा वरचा आकडा तेवढ्यापुरता चढतो, खालचा फारसा बदलत नाही. चालणे थांबल्यावर मात्र रक्तवाहिन्या बराच वेळ सैल राहतात आणि रक्तदाब काही तास नेहमीपेक्षा खाली राहतो. नियम काही महिने पाळला, तर उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत वरचा आकडा साधारण ५ ते ८ अंकांनी उतरतो. जोर लावून लावून जाड होणाऱ्या हृदयाच्या डाव्या कप्प्यावरचा भार त्यामुळे हलका होतो. फुप्फुसे काही मोठी होत नाहीत. पण स्नायू प्राणवायू अधिक चांगला वापरू लागतात, म्हणून तेवढ्याच चालण्याला धाप कमी लागते.

‘यंत्रमागावर दिवसभर उभा असतो, तोच माझा व्यायाम,’ असे आपल्याकडे पुष्कळजण म्हणतात. नुसते उभे राहणे म्हणजे व्यायाम नव्हे. उलट सुताचे भरलेले बीम किंवा पोते श्वास रोखून उचलले, तर रक्तदाब एकदम उसळतो. वजन उचलताना श्वास सोडावा.

आठवड्यातून पाच दिवस, ३० मिनिटे भरभर चालावे. सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. सुरुवात १० मिनिटांपासून करावी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मंद राहते. म्हणून नाडी मोजण्यापेक्षा ही बोलण्याची खूण बरी. उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी फिरून यावे.

रक्तदाब १८० / ११० किंवा त्याहून अधिक असेल, तर आधी तो औषधाने आटोक्यात आणावा, मगच व्यायाम सुरू करावा. चालताना छातीत दुखले, घेरी आली किंवा बसल्यावरही धाप ओसरली नाही, तर अंगावर काढू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा.

आणि एक गोष्ट. फिरायला लागलो म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. गोळी कमी करायची की नाही, हे रक्तदाब मोजून डॉक्टरांनाच ठरवू द्या.