चेंडू चालला, भांडे मात्र वेगळे!



सुगी आटोपली की गावोगाव जत्रा भरतात. तालमीतली पोरे तांबडी माती अंगाला लावून फडात उतरतात. शाळेच्या पटांगणावर कबड्डीचे सामने रंगतात. गड्याने कुस्ती मारली की त्याला खांद्यावर घेताना जात कोणी विचारीत नाही. पण सामना संपल्यावर काय होते? पाणी कोणाच्या तांब्यातले, जेवण कोणाच्या ओसरीवर, आणि संघाचा कप्तान कोण? खरी कसोटी तिथे लागते. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या पुणे-साताऱ्याकडे एका गड्याला ही कसोटी द्यावी लागली. त्याचे नाव बाळू पालवणकर.

महिना चार रुपये

पालवणकरांचे घराणे चर्मकार समाजातले, मूळचे कोकणातील पालवण गावचे. बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला आणि ते वाढले पुण्यात. वडील लष्करात नोकरीला होते. पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायचे, रोलर फिरवायचे काम बाळूंना मिळाले. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या क्लबात चार रुपयांवर लागले. जाळ्या बांधायच्या, चुन्याच्या रेघा मारायच्या आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, हे त्यांचे काम. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज त्यांच्याकडून तासन् तास चेंडू टाकून घेई, आणि आपल्याला बाद केले की आठ आणे बक्षीस देई, असे सांगतात. पण बॅट त्यांच्या हाती कोणी दिली नाही. बॅट साहेबाची, घाम बाळूंचा!

त्या घामातून डावखुरा, मंदगती गोलंदाज तयार झाला. पुण्यातील हिंदू संघाला इंग्रजांना हरवायचे होते. बाळूंना घ्यावे की नाही यावर वाद झाला, शेवटी घेतले. आता मैदानावर सवर्ण खेळाडू त्याच चेंडूला हात लावीत. पण चहाची वेळ झाली की इतर मंडळी आत बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणही वेगळे. चेंडूला विटाळ नाही, कपाला मात्र विटाळ!

साताऱ्याचा सामना

हा पुण्याचा संघ साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याशी खेळायला गेला. बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून त्या मंडळींनी खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवून ती टणक करून ठेवली, असे सांगतात. तरी बाळूंनी सात गडी बाद केले आणि सामना जिंकून दिला. पुढे पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा जाहीर सत्कार केला. ज्याच्याबरोबर आपण खेळतो, त्याच्याबरोबर बसून खायला-प्यायला काय हरकत आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

याच साताऱ्याची दुसरी बाजूही ऐका. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या हायस्कुलात दाखल झाले. वर्गात त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपाई असला तरच नळाचे पाणी मिळे, शिपाई नसला तर तहान तशीच. १९०१ च्या सुमारास वडिलांना भेटायला निघालेली ही मुले मसूर स्टेशनावर उतरली. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही बैल मुलांनीच हाकायचे या अटीवर. रात्रीच्या वाटेवर प्यायला पाणीही मिळाले नाही. ज्या साताऱ्यात बाळूंची गोलंदाजी गाजली, त्याच जिल्ह्यात बाळूंसारख्याच अस्पृश्य ठरवलेल्या पोरांना घोटभर पाणी नाही. नुसत्या टाळ्यांनी माणूस जवळ येत नाही, तो असा.

कप्तानपद कोणाला?

बाळू पुढे मुंबईस गेले. १९०६ साली हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळू आणि धाकटे भाऊ शिवराम दोघेही होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर गडी बाद केले. इतके करूनही कप्तानपद त्यांना मिळाले नाही. १९२० साली तर त्यांना संघातून वगळले आणि कप्तानीही दुसऱ्याकडे दिली. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी खेळायला साफ नकार दिला. लोकांतही चर्चा झाली. शेवटी पुढच्या सामन्यात बाळूंना उपकप्तान करावे लागले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर कप्तान झाले आणि त्यांच्या संघाने त्या वर्षीची स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाने पेरले, धाकट्याने कापले.

सांगलीचा सुपुत्र

त्या काळी संघच मुळी धर्मावर पाडलेले असत : हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन. सांगलीत १९१५ साली जन्मलेले विजय हजारे हे मराठी ख्रिस्ती शिक्षकाचे चिरंजीव. त्यांनी कोणत्या संघात जायचे? १९३७ साली 'उरलेल्यांचा' असा पाचवा संघ निघाला, तेव्हा त्यांची सोय झाली. १९४३ साली हिंदूंविरुद्ध या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांनी काढल्या. संघ हरला, पण नाव झाले. १९४६ नंतर ही धर्मवार स्पर्धा बंद पडली. आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कप्तान होते हेच सांगलीचे हजारे! जे बाळूंना नाकारले गेले, ते 'उरलेल्यांतल्या' एकाला देशाने दिले.

दूर अमेरिकेतही असेच घडले. १९६६ साली टेक्सास वेस्टर्न कॉलेजने बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात सुरुवातीचे पाचही खेळाडू काळे उतरवले आणि केंटकीच्या सगळ्या गोऱ्या संघाला ७२-६५ असे हरवले. काळा खेळाडू पळेल, उडी मारेल, पण डोके चालवणार नाही, अशी तिथे समजूत होती. ती त्या रात्री उघडी पडली.

आपल्या गावात काय?

बाळू पालवणकर १९५५ साली वारले. तोवर राज्यघटनेने अस्पृश्यता बंद केली होती. पण कायदा पुस्तकात असतो आणि तांब्या आपल्या हातात असतो. यंदा जत्रेत सामने होतील तेव्हा एवढे पाहा. पाण्याचा माठ सर्वांना एकच आहे ना? जिंकलेली पोरे एका पंगतीला बसतात ना? कप्तान निवडताना खेळ पाहिला की आडनाव?

आणि आयाबहिणींनो, बाळाचा मित्र दारात आला तर त्याला पाणी कोणत्या पेल्यातून देता, हे पोर टक लावून पाहत असते. शाळेतला धडा ते विसरेल, पण तो पेला विसरणार नाही.