अंडाशय आणि गर्भनलिका: मधली मोकळी जागा

पुस्तकातल्या आकृतीत गर्भनलिका अंडाशयाला जोडलेली वाटते. प्रत्यक्षात नलिकेच्या टोकाला असलेल्या झालरीचा एखादा पदर सोडला, तर ते टोक मोकळंच असतं. अंडाशयाचा पृष्ठभाग फोडून स्त्रीबीज बाहेर पडतं, तेव्हा ही झालर त्यावरून फिरते आणि त्याला आत घेते. किती नाजूक काम! इटलीच्या गाब्रिएले फालोप्पिओने १५६१ मध्ये या नलिकेचं नीट वर्णन केलं. लांबी जेमतेम १०-१२ सेंटिमीटर. बीज स्वतः हलत नाही. आतल्या पेशींवरचे सूक्ष्म केस आणि स्नायूंचं आकुंचन त्याला पुढे सरकवतात. फलन होतं ते गर्भाशयात नव्हे, सहसा नलिकेच्याच रुंद भागात. गर्भ मात्र तिथेच रुजला, तर नलिका फुटून जिवावर बेतू शकतं. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात कळ आली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तडक डॉक्टरांकडे जावं.