साडेआठ फुटांवरून पडणारे पाय

तेलंगणातल्या नेरडीगोंड्यावरून जाणाऱ्या 44 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर भरलेला ट्रक गतिरोधकावर चढला की त्याचे पाटे दबतात आणि उतरला की हौद्यातला माल एकदा तरी उसळतो. पाट्याचा तो स्वभावच आहे. घेतलेला धक्का तो परत देतो. रस्त्यावर ते चालून जाते, विमानाला चालत नाही. टेकलेले विमान उसळून पुन्हा हवेत गेले तर तोवर त्याचा वेग कमी झालेला असतो, आणि दुसऱ्यांदा ते पहिल्यापेक्षाही जोरात आदळू शकते. म्हणून लँडिंग गिअर घडवणाऱ्यांचे कसब नुसते वजन पेलण्यात नसते. पडण्याचा जोर गिळायचा आणि परत द्यायचा नाही, हे अवघड.

गिळते ते तेल. सिरिंजमध्ये पाणी भरून दट्ट्या हळू दाबला तर सहज जातो; झटक्यात दाबला तर अडून बसतो. विमानाच्या पायात हेच घडते. एका जाड नळीत दुसरी नळी सरकते. आत तेल असते आणि दाबाने भरलेला नायट्रोजन. चाक जमिनीला लागताच आतली नळी वर घुसते, तेल बारीक छिद्रातून रेटले जाते आणि धक्क्याचा मोठा भाग तेलाच्या उष्णतेत जिरतो. नायट्रोजन स्प्रिंगसारखा पाय पुन्हा लांब करू पाहतो, पण तेलाची परतीची वाट मुद्दाम अरुंद ठेवलेली असते, त्यामुळे उसळी दबून जाते. बऱ्याच रचनांत त्या छिद्रातून एक निमुळती सळई सरकते. तिची जाडी कुठे किती ठेवायची, यावर सगळा हिशेब अवलंबून असतो. थोडे चुकले तर भार एकाच क्षणी विमानाच्या सांगाड्यावर येतो.

या विद्येची देशातली सर्वांत कठीण परीक्षा गोव्यात झाली. दाबोळीला नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर विमानवाहू जहाजाच्या डेकची जमिनीवरची प्रतिकृती आहे: उड्डाणासाठी वर वळलेला उतार आणि उतरताना विमान अडवणाऱ्या पोलादी तारा. 20 डिसेंबर 2014 रोजी नौदलाच्या तेजस लढाऊ विमानाने या उतारावरून पहिली झेप घेतली. चालक होते कमोडोर जयदीप मावळणकर.

झेप झाली, उतरणे बाकी होते. नाशिकजवळच्या ओझरला, जिथे आधी मिग आणि मग सुखोई बनले आणि 17 ऑक्टोबर 2025 रोजी तिथेच बनलेल्या पहिल्या तेजस मार्क 1एने उड्डाण केले, तिथे वैमानिकापुढे लांबलचक धावपट्टी असते. जमीन जवळ आली की तो नाक किंचित उचलतो, विमान हवेवर तरंगत अलगद टेकते. जहाजावर ही चैन नाही. थोडे तरंगले तरी तार निसटते. म्हणून विमान ज्या कोनात उतरत येते त्याच कोनात सरळ डेकवर आदळते, आणि टेकताक्षणी वैमानिक इंजिन पूर्ण जोरावर नेतो, कारण हुक तारेत अडकला नाही तर पुन्हा उडावे लागते.

प्रवासी विमानांच्या नियमांत पायाच्या आराखड्यासाठी खाली येण्याचा वेग सेकंदाला 3.05 मीटर धरतात. नौदलाच्या तेजससाठी तो 7.1 मीटर धरला गेला. आकडा दुपटीहून थोडा अधिक, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ साडेपाच पट. सोप्या भाषेत, पहिले विमान दीड फुटावरून सोडल्यासारखे, दुसरे साडेआठ फुटांवरून.

आणि चाचणीत खरोखर सोडतातच. पायाच्या डोक्यावर वजन बसवून तो उंच सांगाड्यात उचलतात. चाक आधीच उलट्या दिशेने गरगर फिरवतात, म्हणजे खालच्या पट्टीला लागताना धावपट्टीच्या वेगाचे घर्षण मिळते. मग कळ सुटते. क्षणार्धात सगळे संपते. त्या क्षणाचे आलेख अभियंते पुढे कितीतरी दिवस वाचत बसतात.

पोलादाचीही एक गोष्ट सांगायलाच हवी. या पायांसाठी 300 एमसारखे अतिबळकट पोलाद घडवून, मग कोरून काढतात. गंज लागू नये म्हणून त्यावर धातूचा मुलामा देतात, आणि त्या रासायनिक स्नानात हायड्रोजन पोलादात शिरतो. वरून काही दिसत नाही. भाग चाचणीत उत्तीर्ण होतो, विमानाला लागतो, आणि एखाद्या दिवशी भाराखाली काहीही सूचना न देता तडकतो. म्हणून मुलाम्यानंतर काही तासांतच तो भट्टीत ठेवतात, सुमारे 190 अंश सेल्सिअसला, जवळपास एक पूर्ण दिवस, आत शिरलेला वायू निघून जाईपर्यंत. घाईला इथे जागा नाही. वैमानिकाचा जीव ज्या गोष्टींवर टांगलेला असतो, त्यांत या भट्टीतल्या तासांचीही गणती करावी लागते.

13 सप्टेंबर 2019 रोजी गोव्यात तेजसने पहिल्यांदा तार पकडली. 11 जानेवारी 2020 रोजी मावळणकरांनीच ते समुद्रात आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर उतरवले आणि दुसऱ्या दिवशी तिथल्याच उतारावरून पुन्हा उडवले.

तरीही हे विमान नौदलाच्या ताफ्यात गेले नाही. एका इंजिनाच्या या विमानाचे वजन जहाजावरच्या कामगिरीला जास्त आहे, हे नौदलाने 2016 मध्येच स्पष्ट केले होते. या हिशेबात पायांचाही वाटा आहे. आदळणे सोसायला मजबूत पाय हवेत, मजबूत पाय जड, त्यांना धरणारा सांगाडाही जड, आणि हा सगळा भार उड्डाणभर पोटात दुमडून वाहायचा. नौदलाचा निर्णय बरोबरच होता. चाचण्या मात्र थांबवल्या नाहीत, हे त्याहून मोलाचे. कारण डेकवर आदळण्याचे आकडे कोणताही देश दुसऱ्याला सहजी देत नाही. आता दोन इंजिनांच्या नव्या नौदल विमानाच्या आराखड्यामागे याच चाचण्यांचा अनुभव आहे.

6 फेब्रुवारी 2023 रोजी नौदलाचे तेजस कोचीत बांधलेल्या विक्रांतवर उतरले. भारतीय बांधणीच्या जहाजाच्या डेकवर भारतीय बनावटीचे लढाऊ विमान त्या दिवशी पहिल्यांदाच टेकले.