छडी कोणासाठी उचलायची?

वाद्यवृंदाच्या संचालकाच्या हाती छडी असते, वाद्य नसते. मग त्याचे कर्तृत्व कशात मोजायचे? संगीताचे रीतसर शिक्षण नसल्याने मला हा प्रश्न बरीच वर्षे पडत असे. त्याचे उत्तर मला एस्टोनियाच्या नीमे यार्वी यांच्या कारकिर्दीत मिळाले.

आपल्याकडे गवयाला नवी बंदिश सुचली तर तानपुरा लावून तो ती एकटा गाऊ शकतो. पाश्चात्त्य रचनाकाराची सिंफनी मात्र शंभरेक वादक जमून तालीम होईपर्यंत कागदावरच राहते. ती कागदावरून उठवायची की नाही, हे बहुधा संचालक ठरवतो.

यार्वींचा जन्म १९३७ साली टालिनला झाला. तीन वर्षांतच देश सोव्हिएत संघाने गिळंकृत केला. लेनिनग्राडमध्ये शिक्षण घेऊन १९६३ साली, अवघ्या सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास, ते एस्टोनियन रेडिओच्या वाद्यवृंदाचे प्रमुख झाले. १९७१ साली रोममधील संचालकांची स्पर्धाही त्यांनी जिंकली.

त्याआधी, नोव्हेंबर १९६८ मध्ये, त्यांनी टालिनमध्ये आर्वो पार्ट यांची ‘क्रेडो’ ही रचना प्रथम सादर केली. बाखच्या शांत सुरावटीभोवती कर्कश कल्लोळ उठवणाऱ्या या रचनेत येशू ख्रिस्तावरील श्रद्धेचा लॅटिनमध्ये उघड उच्चार होता. निरीश्वरवादी राजवटीला तो खपला नाही. प्रागमध्ये रणगाडे शिरून तेव्हा तीनच महिने झाले होते. रचनेवर अघोषित बंदी आली. एका संध्याकाळच्या निवडीची किंमत रचनाकार आणि संचालक दोघांनाही मोजावी लागली. जानेवारी १९८० मध्ये यार्वी पत्नी व तीन मुलांसह अमेरिकेला गेले. त्याच महिन्यात पार्ट यांनीही देश सोडला.

परदेशात यार्वींनी स्वीडनचा गोथेनबर्ग वाद्यवृंद १९८२ ते २००४, तर अमेरिकेतील डेट्रॉइटचा १९९० ते २००५ या काळात सांभाळला. त्यांची ध्वनिमुद्रणे चारशेहून अधिक आहेत. पण मला त्यातले एक काम सर्वांत मोलाचे वाटते. एडुआर्ड टुबिन हे एस्टोनियन रचनाकार १९४४ साली स्वीडनला परागंदा झाले होते. त्यांच्या दहाही पूर्ण सिंफनी यार्वींनी मुद्रित केल्या आणि जगाला ते नाव ठाऊक झाले.

२०१० साली ते टालिनच्या आपल्या जुन्याच वाद्यवृंदाचे पुन्हा प्रमुख झाले. आता देश स्वतंत्र होता. काय वाजवावे, हे कोणाला विचारायचे नव्हते.