परसातली दानवं

शनिवारी रात्री आमच्या ह्यांचा एक प्रश्न ठरलेला, "डब्यातली जिवंत आहेत ना गं?" डब्यातली म्हणजे गांडुळं. रविवारी पहाटे कृष्णेच्या काठावर गळ टाकून बसायचं तर आमिष हवं, आणि मेलेलं गांडूळ गळाला धड राहतही नाही. ते रात्रभर जिवंत ठेवायचं काम घरात कुणाचं, हे काही सांगायला नको. मासा आला की कौतुक मात्र गळ टाकणाऱ्याचं!

माझं माहेर साताऱ्याकडचं, माहुलीजवळ, कृष्णा-वेण्णेच्या संगमापाशी. गांडुळांना आम्ही दानवं म्हणायचो. आमचे अण्णा पाटाकडेची ओली माती उकरून दानवं काढायचे, त्याच मातीसकट करवंटीत ठेवायचे आणि वर अळूचं पान झाकायचे. एवढ्यावर ती दिवसभर टिकायची. मी हे शंभरदा पाहिलेलं, पण नुसतं पाहिलेलं.

लग्न होऊन सांगलीला आले. पहिल्याच उन्हाळ्यात ह्यांनी आणलेली गांडुळं मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घातली, तहान लागेल म्हणून वरून नळाचं पाणी ओतलं, बाहेर येऊ नयेत म्हणून झाकण गच्च लावलं आणि डबा जिन्यात ठेवून दिला. एप्रिल महिना, सांगलीचं ऊन. सकाळी झाकण उघडलं आणि वासानं मागेच सरले. सगळी मेलेली. हे काही बोलले नाहीत, नदीवरही गेले नाहीत. बोलल्या त्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. त्या माळकरी. घरात मासा शिजतो तो वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात. त्या एवढंच म्हणाल्या, "तो नदीवर मारतो ते खायला तरी मारतो. ही तू कशाला मारलीस?"

हे वाक्य मला फार लागलं. मग चार ठिकाणी विचारलं, वाचलं, तेव्हा चूक कळली. गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते कातडीनं श्वास घेतं. कातडी ओली असली तरच हवेतला प्राणवायू आत जातो. कातडी सुकली की ते गुदमरतं, आणि साचलेल्या पाण्यात हवा कमी पडली तरीही गुदमरतं. ओल हवी ती भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याएवढी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते उघड्या बादलीत रात्रभर ठेवून मग शिंपडायचं. आणि मुख्य म्हणजे गारवा. पस्तीस अंशांच्या पुढे त्यांचा टिकाव लागत नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये सावलीतसुद्धा पारा त्याच्या वर असतो, मग जिन्यातल्या बंद डब्यात काय होत असेल!

पुन्हा गांडुळं आणायची म्हटल्यावर आत्यांनी अट घातली, घरात नाही, परसात. एका बचत गटाच्या गांडूळखताच्या वाफ्यातून ओंजळभर तांबडी गांडुळं मिळाली. ही परदेशी जात. अण्णांची मातीत खोल राहणारी दानवं वेगळी, ती टोपलीत रमत नाहीत. तांबडी मात्र शेण-पाचोळ्यात मजेत राहतात. त्यांना डिवचलं की पिवळसर वासाचं पाणी सोडतात, एवढा एक दोष.

फुटका प्लास्टिकचा टब घेतला, तळाला भोकं होतीच. खाली नारळाच्या शेंड्या, वर जुनं वाळलेलं शेण आणि पाचोळा, त्यावर ओलं पोतं, आणि सगळं पारिजातकाच्या सावलीत. ताजं शेण नको, ते तापतं. भाजीची देठं, साली, धुतलेला चहाचा चोथा चालतो. मीठ-तेलाचं उष्टं अजिबात नको, मिठानं तर गांडूळ तडफडून मरतं. मुंग्यांसाठी टबाखाली चार विटा आणि प्रत्येक वीट पाण्याच्या ताटलीत. दुधाच्या कपाटाला आपण करतो तसंच. मेलेलं एखादं दिसलं की लगेच काढायचं, नाहीतर ते सडून बाकीच्यांनाही त्रास. आणि एका गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळं होतात म्हणतात, ते खोटं. मुलांना आवर्जून सांगा.

नेताना पत्र्याच्या डब्याला बारीक भोकं पाडायची, ओल्या शेंड्या भरायच्या आणि वर ओलं फडकं. डबा उन्हात ठेवायचा नाही. ह्यांना मी आणखी एक बजावते, पाण्यात उतरून बसू नका. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, हे सांगलीकरांना नव्यानं सांगायला नको.

श्रावणात आमच्याकडे मासे बंद. महिनाभर टबाला कुणी हात लावला नाही. म्हणजे मला तसं वाटलं. एके दिवशी पाहते तर आत्या पोतं उचलून दुधीची सालं टाकताहेत, आणि पुटपुटताहेत, "खा गं बायांनो." काळ्याभोर खतात मोहरीपेक्षा थोडे मोठे पिवळसर दाणे दिसत होते. ते त्यांचे कोष, एकेकातून दोन-तीन पिल्लं निघतात. आत्यांनी ते चष्मा लावून पाहिले. जास्वंदीला त्याच खताची ओंजळ घातली.

श्रावण संपला आणि पुढच्याच शनिवारी हे पत्र्याचा डबा घेऊन परसात आले. आत्या टबाजवळच बसलेल्या. मला वाटलं, आता नको म्हणणार. मुलगा आणि माळ यांच्यात त्या कधी बोलल्या नाहीत, आज बोलतील. हेही डबा हातात धरून तसेच उभे. शेवटी आत्यांनीच पोतं बाजूला केलं, पण तोंड दुसरीकडे फिरवलं.

"दहा घे. मोजून घे. आणि उरलेली नदीकाठी टाकू नकोस, परत आण."

गेल्या रविवारी दहा गेली, चार परत आली. मासा म्हणाल तर वीतभर चिलापी, एकच. चार आत्यांनी स्वतः मोजून घेतली.